यंत्रांची उतरंड आणि कुणाचं काय: साखर कारखान्यातल्या एका ऑफ सीझनच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

काम आज अधिकृतपणे गळ्यात पडलं. संचालक मंडळाने देखभालीसाठी संगणक प्रणाली घ्यायचं ठरवलंय आणि चीफ इंजिनिअर साहेबांचं म्हणणं सरळ आहे: बॉयलर अग्निप्रदीपनाच्या (हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या) आत कारखान्यातल्या यंत्रांची एकच यादी हवी, कोण कुणाच्या पोटात येतं ते दाखवणारी. प्रत्येकापुढे ते पाळीत कुणाच्या ताब्यात आहे हेही लिहायचं. विक्रेत्याने एक्सेलचा रिकामा तक्ता पाठवून आपलं काम झालं असं जाहीर केलंय.

आज जुन्या याद्या गोळा केल्या. इलेक्ट्रिकलकडे मोटरींची यादी आहे. स्टोअरकडे स्पेअरची, ती वस्तूच्या नावाने लावलेली, यंत्राच्या नाही. अकाउंटची मालमत्ता नोंदवही घसाऱ्यासाठी ठेवलेली, तिच्यात अख्खं मिल हाऊस (ऊस गाळण्याचा विभाग) दोन ओळींत संपतं. सगळ्यांत कामाची निघाली ती ऑईलमनची वंगणाची वही. कुठल्या गिअरबॉक्सला कुठलं तेल, कुठल्या प्लमर ब्लॉकला (बेअरिंगच्या घराला) ग्रीस, किती दिवसांनी, सगळं चालण्याच्या वाटेच्या क्रमाने लिहिलेलं. पानं तेलकट आहेत, पण गव्हाणीपासून साखर घरापर्यंत फिरलेला माणूस त्यात दिसतो. सुरुवात हिच्यावरूनच करायची.

७ जून

पायऱ्या किती, यावर दुपारभर चर्चा. विक्रेत्याच्या माणसाने आयएसओ १४२२४ पुढे केलं. ते तेल आणि वायू उद्योगासाठीचं मानक, २०१६ ची आवृत्ती. त्यात नऊ पायऱ्या आहेत: वरच्या पाच उद्योगापासून विभागापर्यंत जागा आणि वापर सांगतात, खालच्या चार यंत्र, उपयंत्र, देखभालीचा भाग आणि सुटा भाग. बांधणी उत्तम आहे. पण समुद्रातल्या तेलफलाटाला जेवढं लागतं तेवढं आम्हाला लागत नाही. आम्ही सहावर थांबलो: कारखाना, विभाग, यंत्रणा, यंत्र, उपयंत्र, भाग.

नमुना म्हणून तिसरी मिल उतरवून काढली. विभाग मिल हाऊस, यंत्रणा मिल टँडम (एकामागे एक लावलेल्या मिलची रांग), यंत्र मिल क्र. ३. तिच्या पोटात हेडस्टॉक, टॉप रोलर, फीड रोलर, डिस्चार्ज रोलर, अंडर फीड रोलर, ट्रॅश प्लेट, हायड्रोलिक लोडिंग, ड्राइव्ह. ड्राइव्हच्या पोटात मोटर, गिअरबॉक्स, कपलिंग. इथपर्यंत कुणाचा वाद नव्हता. पुढे एकाने बेअरिंगच्या ब्रासपर्यंत जाऊ म्हटलं, दुसऱ्याने ट्रॅश प्लेटच्या बोल्टपर्यंत.

नियम ठरला तो असा: ज्याच्यासाठी वेगळं जॉब कार्ड (दुरुस्तीच्या कामाचा कागद) निघतं, तिथे थांबायचं. ट्रॅश प्लेटसाठी निघतं, ब्राससाठीही निघतं. बोल्टसाठी निघत नाही, तो स्टोअरच्या यादीत राहील. एवढ्याने यादी निम्म्यावर येईल असा अंदाज.

१४ जून

बॉयलिंग हाऊसमध्ये (रसापासून साखर करण्याच्या विभागात) लाल पेन्सिल आणि फ्लो डायग्राम घेऊन फिरलो. नकाशा कारखाना उभा राहिला तेव्हाचा, त्यानंतर दोनदा विस्तार झाला. कागदावर नसलेले ज्यूस हीटर उभे आहेत आणि कागदावर असलेला एक मोलॅसिस (मळीचा) पंप कधीच काढून टाकलाय. त्याचा पाया तेवढा उरलाय, त्यावर कुणीतरी वेल्डिंग रॉडचे डबे रचलेत.

एक पंप दोनदा मोजला गेला. मिल हाऊसच्या यादीत ‘मिक्स ज्यूस पंप’, बॉयलिंग हाऊसच्या यादीत ‘काट्याचा पंप’, कारण तो रसाच्या वजनकाट्याला रस देतो. दोन्ही विभागांना तो आपला वाटत होता, आणि ग्रीस मात्र दोघांनीही दिलेलं नव्हतं. तक्त्यात ‘बोलीनाव’ असा रकाना वाढवला. फोनवर पॅनमन (साखरेचा पॅन चालवणारा) जे नाव घेईल ते शोधून सापडलं पाहिजे.

कोडबद्दल ठरवलं: कोडमध्ये क्षमता, कंपनी, अश्वशक्ती काही घालायचं नाही. या गोष्टी बदलतात आणि मग कोड खोटं बोलायला लागतो. को-जनच्या (कारखान्याच्या वीजनिर्मितीच्या) टर्बाइनचे नकाशे जर्मन वीजकेंद्रांच्या केकेएस पद्धतीचे आहेत. तिथे एलएसी म्हणजे फीड वॉटर पंप, एलबीए म्हणजे मुख्य वाफेची लाइन. टर्बाइन अटेंडंटना ते तोंडपाठ आहेत. म्हणून तिथे हात लावायचा नाही, केकेएस कोड तसाच ठेवून वरची फक्त आमची पायरी जोडायची.

२१ जून

आजचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

‘मिल ३ चा टॉप रोलर’ ही एक जागा आहे. त्या जागेवर सध्या जो रोलर बसलाय तो एक नग आहे. दर ऑफ सीझनला रोलर बाहेर निघतात, ग्रूव्हिंग होतं (खाचा पाडल्या जातात), काहींचं शेल (बाहेरचं कवच) बदलायला जातं. व्यास कमी झालेला रोलर दुसऱ्या मिलवर बसतो, तिथला राखीवमध्ये जातो. जागा आणि नग एकाच ओळीत लिहिले, तर दोन हंगामांनी कुठल्या शाफ्टने किती ऊस गाळला याचा पत्ता लागणार नाही. शाफ्टच्या तोंडावर नंबर ठोकलेला असतोच. तो नगाच्या ओळीत घ्यायचा, आणि नग कुठल्या तारखेला कुठल्या जागेवर गेला याची नोंद वेगळी.

मोटरींचं तर त्याहून जास्त. इलेक्ट्रिकलच्या वायरमनने रिवाइंडिंगची वही दाखवली. एका इंजेक्शन पंपाची मोटर सलग दोन हंगाम जळाली होती. वहीत फक्त जागेचं नाव, म्हणून सगळे समजत होते की तीच मोटर पुन्हा जळाली आणि रिवाइंडिंगवाल्याला शिव्या बसल्या. नंबर जुळवून पाहिलं तर दोन्ही वेळा मोटर वेगवेगळ्या. म्हणजे जळण्याचं कारण मोटरीबरोबर फिरलेलं नाही, जागेवरच बसलंय. त्या जागेवर जाऊन बघितलं: शेजारच्या व्हॉल्व्हच्या ग्रंथीतून (ग्लँडमधून) पाणी उडतं ते थेट मोटरीच्या पंख्याच्या बाजूला. पत्र्याचं झाकण आणि ग्रंथीचं पॅकिंग, एवढंच काम होतं.

उलटही होतं. बिघाड नगाबरोबर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला, तर दोष नगात. हा फरक यादीत दिसलाच पाहिजे. विक्रेत्याच्या तक्त्यात तशी सोय आहे, पण बहुतेक जण दोन्ही रकान्यांत तेच नाव भरून मोकळे होतात असं तोच म्हणाला.

२ जुलै

मिल रोलर पूजन झालं. चेअरमन साहेब आले, नारळ फुटला, फोटो झाले. गर्दी पांगल्यावर रोलरचे नंबर उतरवून घेतले. कुंकवाखाली एक आकडा दिसेना, तो नंतर पुसून पाहिला. मिल हाऊसची यादी यासह पूर्ण.

९ जुलै

मालकीचा रकाना भरायला विभागांना दिला होता. मिल हाऊसचा कागद परत आला: सगळीकडे ‘शिफ्ट इंजिनिअर’. बॉयलिंग हाऊसचा: सगळीकडे ‘शिफ्ट केमिस्ट’. कागदोपत्री बरोबर आहे. पण शिफ्ट इंजिनिअर एकाच वेळी गव्हाणीवर आणि स्प्रे पाँडवर उभा राहू शकत नाही. तो जबाबदारी वाटून देणारा माणूस, पंपाला हात लावून गरम आहे का बघणारा नव्हे.

जुने मिल फिटर, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, कागद बघून हसले. म्हणाले, “सायेब, कशाला कागद भरून घेताय. खंडेनवमीला कोण कशाला हार घालतंय ते बघायचं. झाली तुमची यादी.”

थट्टेत म्हणाले, पण मी त्यांना तिथेच बसवून घेतलं. खंडेनवमीला प्रत्येक जण आपल्या यंत्राला धुऊन-पुसून हार घालतो. मिल अटेंडंट आपल्या मिलला, पॅनमन आपल्या पॅनला, मशीनमन सेंट्रिफ्यूगलला (साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या यंत्राला), लेथवाला लेथला. हार कुणाचाच पडत नाही अशी यंत्रं कोणती? आण्णांनी न थांबता सांगितली: ड्रेन पिटचा पंप, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) पंप, रोटरी स्क्रीन म्हणजे रसाच्या फिरत्या चाळणीखालची टाकी, बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) एलिव्हेटरचं खालचं टोक, स्प्रे पाँडचे (पाणी थंड करायच्या तळ्याचे) व्हॉल्व्ह, चुन्याच्या टाकीचा ढवळा.

मागच्या हंगामाचं स्टॉपेज रजिस्टर काढून या नावांशी ताडून पाहिलं. मोठमोठी यंत्रं आपल्या चुकीने जेवढी थांबली, त्याहून जास्त वेळा ती या बिनहाराच्या यंत्रांमुळे थांबलेली. बहुतेक सगळी दोन विभागांच्या मधल्या जागेत आहेत. पुढचे दोन महिने खरं काम इथेच.

२६ जुलै

पंचगंगा धोका पातळीच्या वर, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट कधीच ओलांडले. पलीकडच्या गावांतले लोक आले नाहीत. ओव्हरहॉलिंग जवळपास बंद. बसून कायद्याचे कागद चाळले.

बॉयलरचा प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटशिवाय बॉयलर चालवता येत नाही; पाळीत ताबा कुणाचा याला दुसरं उत्तरच नाही. कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २२ सुद्धा उपयोगी: चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी, वंगण, पट्टा चढवणं असलं काम फक्त खास प्रशिक्षित, अंगाबरोबर कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या कामगारानेच करायचं. ही नोंदवही आमच्याकडे आहे, टाइम ऑफिसच्या कपाटात. तिच्यातली नावं आणि प्रत्यक्षात गिअरच्या जाळीपाशी जाणारी माणसं यांचा मेळ घालायचा म्हणून नोंद करून ठेवली.

६ ऑगस्ट

कंडेन्सेटच्या व्हॉल्व्हची बैठक. बॉयलर, बॉयलिंग हाऊस, प्रयोगशाळा, तिघेही. आवाज चढले.

प्रकरण असं. इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या यंत्राच्या) पहिल्या बॉडीत एक्झॉस्ट (टर्बाइनमधून निघालेली) वाफ येते, नळ्यांच्या बाहेरून रस तापवते आणि पाणी होऊन बाहेर पडते. हे पाणी स्वच्छ आणि गरम असतं, म्हणून ते परत बॉयलरच्या फीड टाकीत जातं. एखादी नळी गळत असेल तर त्यात रस मिसळू शकतो. चालू असताना वाफेचा दाब रसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे गळक्या नळीतून वाफच रसात जाते, पाणी शुद्ध राहतं. मिल थांबते, वाफ उतरते, तेव्हा उलटं होतं. रस वाफेच्या बाजूला येऊन बसतो, आणि मिल पुन्हा सुरू झाली की पहिलं पाणी घेऊन फीड टाकीकडे निघतो. साखर बॉयलरच्या तापमानाला टिकत नाही. तिचं आम्ल होतं, पाण्याचा पीएच घसरतो, नळ्यांवर काजळी बसते.

मागच्या हंगामात रात्री आठच्या पाळी बदलाला नेमकं हेच घडलं. मिल थांबून पुन्हा चालू झालेली. प्रयोगशाळेतल्या पोराने नेहमीप्रमाणे नमुना घेतला, अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकून काठाने सल्फ्युरिक आम्ल सोडलं, जांभळी कडी आली, म्हणजे पाण्यात साखर. त्याने ती रजिस्टरमध्ये लिहिली. वरच्या साहेबांना सांगायला गेला, ते पाळी बदलात. पाणी गटारीला वळवायचा व्हॉल्व्ह इव्हॅपोरेटरच्या मजल्याखाली आहे. बॉयलिंग हाऊस म्हणतं, पाणी बॉयलरला जातं, व्हॉल्व्ह बॉयलरचा. बॉयलर म्हणतो, माझ्या हद्दीत व्हॉल्व्हच नाही, मी कुठे चढू. शेवटी फीड टाकी रिकामी करावी लागली, दाब पडला, मिल पुन्हा थांबली.

“मीटर लावलाय की,” इन्स्ट्रुमेंटवाल्यांचं म्हणणं. कंडक्टिव्हिटी मीटर आहे, खरं. पण साखर स्वतः वीज वाहत नाही; रसातले क्षार आले म्हणून काटा हलतो. थोडी साखर आली तर मीटर शांत बसतो. कडी बघणारा माणूस लागतोच.

दोन तासांनी जे ठरलं ते कागदावर घेतलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या. हद्द म्हणजे वळवणीच्या व्हॉल्व्हनंतरचा फ्लँज (पाइप जोडायची कडा). व्हॉल्व्ह आणि त्याच्या अलीकडचं सगळं इव्हॅपोरेटर अटेंडंटचं, पलीकडची लाइन आणि फीड टाकी बॉयलर अटेंडंटची. कडी दिसली की प्रयोगशाळेने आधी इव्हॅपोरेटर अटेंडंटला सांगायचं, मग बॉयलरला, मग साहेबांना. या क्रमावर जरा कुरकुर झाली. साहेब शेवटी कसे, असं. चीफ केमिस्टनीच ती मोडून काढली: व्हॉल्व्ह फिरवणारा आधी. व्हॉल्व्ह परत लावायचा तो मात्र शिफ्ट केमिस्टच्या सहीने, सलग दोन नमुने स्वच्छ आल्यावर. आणि बॉयलर अटेंडंटला फीड टाकीच्या तोंडावर स्वतःचा वेगळा व्हॉल्व्ह. त्याला शंका आली तर कुणाला न विचारता पाणी नाकारायचा हक्क.

व्हॉल्व्हचं चाक मजल्याच्या वर, हाताला येईल असं वाढवून घ्यायचं, एक्स्टेन्शन स्पिंडल लावून. सही घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल असा माझा कयास.

१९ ऑगस्ट

युनियनबरोबर बैठक. त्यांना भीती अशी की यंत्रापुढे नाव आलं म्हणजे उद्या ब्रेकडाऊन झाल्यावर मेमो त्याच नावाला. भीती अगदीच बिनबुडाची नाही. म्हणून यादीत व्यक्तीचं नाव घालायचंच नाही. पद घालायचं: ‘मिल अटेंडंट, मिल १ ते ३’. त्या पाळीला त्या पदावर कोण, हे हजेरीतून येईल. साखर कारखान्याच्या पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. माणसं सुट्टीने, बदलीने फिरतात, पद जागेवर राहतं. हंगामी लोक सध्या रिटेन्शनवर (बंद हंगामातल्या भत्त्यावर) घरी आहेत. नावं घालायची म्हटली असती तर निम्मा तक्ता कोराच राहिला असता.

दुसरा वाद वंगणाचा. विक्रेत्याच्या सादरीकरणात जपानची टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) पद्धत: ऑपरेटरनेच यंत्र पुसावं, तेल घालावं, नट आवळावेत. निप्पॉनडेन्सोने १९७१ मध्ये यासाठी बक्षीस मिळवलं वगैरे. तत्त्व पटतं. पण आमच्याकडे ऑईलमन हे करारातलं पद आहे. मिल अटेंडंटने तेल घालायचं म्हटलं की ऑईलमनच्या पोटावर येतं. तोडगा असा निघाला: पुसणं आणि बघणं ऑपरेटरचं, घालणं ऑईलमनचं. तेलाची पातळी काचेच्या खुणेखाली गेली तर ऑपरेटरने लिहायचं, त्याच पाळीत ऑईलमनने भरायचं. पुसण्याला कुणाचा विरोध नाही. पुसताना हात फिरतो आणि चीर, गळती, सैल नट आपोआप कळतो, हे आण्णांनीच बैठकीत सांगितलं, जपानचं नाव न घेता.

३ सप्टेंबर

गणपतीआधी उरलेल्या हद्दी उरकल्या. बगॅस एलिव्हेटर: शेवटच्या मिलच्या डिस्चार्जपासून वरच्या टोकापर्यंत मिल हाऊस, तिथून पुढचा रेक कॅरिअर बॉयलर. खालच्या टोकाचा सांडलेला बगॅस मिल हाऊसने उचलायचा. रोटरी स्क्रीन आणि खालची टाकी मिल हाऊसची, टाकीनंतरचा पंप बॉयलिंग हाऊसचा. ‘काट्याचा पंप’ हे नाव जिंकलं. पीआरडीएसचा (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या संचाचा) ताबा पॉवर हाऊसकडे, कारण टर्बाइन ट्रिप झाली की तिथल्याच माणसाला आधी कळतं. चुन्याची टाकी बिनविरोध.

२० सप्टेंबर

पाट्या. रंगाने लिहिलेले नंबर रसाच्या आणि चुन्याच्या थराखाली एका हंगामात जातात, म्हणून स्टेनलेसच्या पट्ट्या, पंच केलेल्या. दोन प्रकारच्या: जागेची पाटी पायाच्या फ्रेमला वेल्ड, नगाची पाटी मोटरीच्या किंवा पंपाच्या अंगावर रिव्हेट. मोटर बदलली की अंगावरची पाटी तिच्याबरोबर जाईल, फ्रेमवरची राहील. वर्कशॉपमधल्या पोराने पहिल्याच घाण्यात जागेच्या पाट्या मोटरींना लावल्या होत्या. काढून पुन्हा लावल्या. आता जागेच्या पाटीचे कोपरे कापलेले आहेत, हाताला कळतील असे.

८ ऑक्टोबर

हंगामी लोक रुजू व्हायला लागले. पाण्यावर चाचणी चालू आहे, पंप एकेक करून फिरवतोय. पाळी ताब्यात देण्याचा नवा कागद आजपासून: आपल्या पदाखालच्या यंत्रांची छापील यादी, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि ‘चालू, बंद, शंका’ असे तीन रकाने. ‘शंका’ रकाना पहिल्या दिवशीच भरला गेला हे चांगलं. एका सेंट्रिफ्यूगल मशीनमनने लिहिलंय, “ब्रेक लागताना वास येतो.” हे पूर्वी चहाच्या टपरीवर बोललं जायचं. ब्रेक लायनर उघडायला सांगितलंय.

व्हॉल्व्हचं एक्स्टेन्शन स्पिंडल बसलं. इव्हॅपोरेटर अटेंडंटने उभ्याने फिरवून पाहिलं, जरा घट्ट आहे, ग्रंथी सैल करावी लागेल.

बाकी राहिलेलं: स्प्रे पाँडच्या व्हॉल्व्हचा ताबा. बॉयलिंग हाऊस म्हणतं तिथे रात्री माणूस पाठवायला दिवा नाही, आणि ते खरं आहे. दिव्याचा इंडेंट (मागणीपत्र) इलेक्ट्रिकलकडे पडलाय. डिस्टिलरीकडे जाणाऱ्या मोलॅसिस लाइनची हद्दही ठरायची आहे. डिस्टिलरी मॅनेजर दसऱ्यानंतर वेळ देतो म्हणाले. तोपर्यंत त्या दोन ओळी तक्त्यात पिवळ्या ठेवल्यात आणि तात्पुरता ताबा शिफ्ट इंजिनिअरकडे.